ओढून उघडलेले दार

विषय : राजकन्येच्या महालाचे दार उघडणेबाबत.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, एका राज्यात धरणीधर नावाचा राजा होता. त्याच्या वाड्यात कालजंघ नावाचा मांत्रिक जेवायला आला. राजाने त्याला धक्के मारून बाहेर काढले. मांत्रिकाला जेवू घालणे सोपे असते, पण हे राजांना उशिरा कळते. कालजंघ पायरीवर बसून म्हणाला, "राजा, तू मला ढकललेस. आता जे दार ढकलशील ते वाढेल."

त्याच क्षणी राजकन्या केतकीच्या महालाचे दार घट्ट मिटले. त्याला एक बारीक भोक तेवढे उरले. त्यातून बोरूच्या नळीने तिला दूध पाजू लागले.

राजाने सुतार बोलावले. ते रंधे पुढे ढकलू लागले. एक ढलपी निघे आणि दार बोटभर जाड होई. प्रधानांनी आणखी सुतार नेमले.

"बाबा, मीही आतून ढकलतेच आहे," केतकी म्हणाली.

"शाबास! जोर लाव!"

भोक इतके आवळले की नळी आत जाईना.

तेव्हा भिवरा सुतारीण पुढे झाली. "महाराज, हात आवरा. लेक उपाशी मरेल."

कमानीवरचा सुतारपक्षी म्हणाला, "भिवराबाई, पूर्वसमुद्रापलीकडे जपान नावाचे बेट आहे. तिथला रंधा आणि करवत आपल्याकडे ओढल्यावर कापतात."

"मग इतका वेळ गप्प का होतास?"

"मला कोणी विचारत नाही. म्हणून तर मी लाकडाशी बोलतो."

पक्ष्याने मंत्र म्हटला. भिवरा राईएवढी होऊन त्याच्या पाठीवर बसली आणि बेटावर उतरताच पूर्ववत झाली. तिथे एक म्हातारा सुतार रंधा मारीत होता. त्याच्या ढलपीतून पलीकडचा समुद्र दिसे. त्याने तिचे ऐकून घेतले आणि दोन्ही हत्यारे तिच्या ओंजळीत ठेवली.

"घेऊन जा. माझे हात थकले, यांचे नाहीत."

भिवरा परतली. तिने रंधा ओढला, दार पातळ झाले. करवत ओढली, आतला अडसर तुटला. आनंदाच्या भरात राजाने दाराला खांदा लावला. दार पुन्हा बोटभर वाढले.

"महाराज!" भिवरा ओरडली.

पक्षी म्हणाला, "तिसरे काम सुताराचे नाही. ज्याला बाहेर ढकलले, त्याला आत घ्या."

कालजंघ अजून पायरीवरच होता. राजाने त्याचा हात धरला आणि त्याला आत ओढले. "या, पान वाढले आहे."

"भाजी कसली?" मांत्रिकाने विचारले. दार उघडले.

केतकी बाहेर आली. दूध पिण्याआधी तिने रंध्याला आणि करवतीला हात जोडले.

"भिवराबाई, माग काय हवे ते," राजा म्हणाला.

"त्या बेटावर वर्षारंभी हत्यारांना विश्रांती देतात, त्यांच्यापुढे भाताचा गोळा ठेवतात, उपकार स्मरतात. आपल्याकडेही त्यांना एक दिवस रजा मिळावी."

"दिली!"

"अर्ज लेखी हवा," प्रधान म्हणाले.

तिने लेखी दिला. शाप सरला, राज्य सुरळीत झाले, मांत्रिक रोज वेळेवर जेवतो. वर्षारंभी केतकी स्वतः भाताचा गोळा घेऊन भिवराकडे जाते, आणि त्या दिवशी राज्यात रंध्याचा आवाज येत नाही.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.