जुईची एकच कळी

टेकडीच्या पायथ्याशी, जिथे ऊन कोवळं आणि वारा खोडकर, तिथे जुई नावाची चिमुरडी आईबरोबर राहायची. अंगणातल्या मांडवावर जुईचाच वेल होता. त्याच्या फुलांच्या वेण्या आई बाजारात विकायची आणि देवळासाठी दोघी मिळून हार ओवायच्या. पण यंदा पाऊस हुकला, पाणी मोजूनमापून मिळू लागलं आणि वेल पार वाळला. फुलंच नाहीत, म्हणून आई उद्या सकाळी परगावी कामाला निघणार होती आणि जुई मावशीकडे राहणार होती. ते कळल्यापासून पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तरी आपल्या वाटणीचं पाणी तिने वेलालाच घातलं. आणि काय नवल! मुळाशी चमचम झाली आणि एक बोटभर परी वर आली. रुपेरी इवलेसे पंख, कानात दवाचे डूल, हातात एक नाजूक पांढरी कळी.

"संध्याकाळी ही उमलेल, तेव्हा हवं ते माग," परी म्हणाली. "पण आधी कुणी हुंगली, तर मागणं त्याचं. तू तर देवाची फुलं ओवतेस, न हुंगायची सवय तुला आहेच."

जुईचा आनंद पोटात मावेना. वेल मागायचा, हिरवागार वेल! लवकर मावळ बाबा, म्हणून ती सूर्याच्या मागेच लागली.

ऊन उतरलं, कळी थरथरली. तेवढ्यात शेजारचे आंधळे भिवाबा काठी टेकत कुंपणाशी आले. जुईचा वास आला की दिवेलागण झाली, एवढंच त्यांचं घड्याळ. वेल वाळला आणि त्यांचा दिवस संपेनासा झाला.

"संध्याकाळ झाली का गं पोरी? हल्ली काही उमजतच नाही बघ."

जुईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आता हे हुंगणार आणि डोळेच मागणार. मागू देत बापडे. डोळे पुसत तिने उमलती कळी त्यांच्या नाकाशी धरली.

"झाली बाबा, संध्याकाळ झाली."

भिवाबांचा चेहरा उजळला. मागण्याबिगण्याचं त्यांना कुठे ठाऊक होतं! ते आपले पुटपुटले, "देवा, रोज अशीच संध्याकाळ होऊ दे."

सळसळ, सळसळ! वेल हिरवा झाला, कोंब मांडवावर धावले, झुबकेच्या झुबके फुलले. आई धावत बाहेर आली, बघतच राहिली, मग आत जाऊन तिने बांधलेलं गाठोडं सोडलं.

"जुईचं जुनं नाव यूथिका," मांडवावरून परी म्हणाली. "यूथ म्हणजे थवा. जुई एकटी राहत नसते, बाळ." आणि शुभ्र उजेडात ती विरघळून गेली.

तेव्हापासून रोजचं पहिलं फूल जुई ओवत नाही. ते ती कुंपणापाशी घेऊन जाते, आणि मगच वाडीत दिवे लागतात.