टिटवीची अंडी आणि दोन न्यायसभा

नदी जिथे वळते तिथे, एका जंगलाच्या कडेला, एक टिटवी राहत असे. काठावरच्या गोट्यांमध्ये तिने चार अंडी घातली होती. जंगलाचा पहारा रानकुत्र्यांच्या सैन्याकडे होता. सैन्य शूर होते, यात शंका नाही. पण भरपेट जेवल्यावर त्यांनाही तुमच्याआमच्यासारखी सुस्ती येई. एका दुपारी बिबट्या आत शिरला आणि सेनापतीच्या पिल्लाचा कान फाडून पळाला.

सेनापती भयंकर संतापला. टिटवीने ओरडून सावध केले नाही, ती बिबट्याला फितूर आहे, असा आरोप त्याने ठेवला. मुलांनो, सैन्याच्या न्यायसभेची रीत कशी होती पाहा : आरोप करणारा सेनापती, साक्षीला त्याचेच शिपाई आणि निकाल देणाराही सेनापतीच. टिटवी काही विचारू लागली, तर तो म्हणाला, "शत्रू दाराशी असताना प्रश्नांना वेळ कुणाला आहे? सूर्य मावळायच्या आत नदीकाठ सोड." ती उडून गेली असती, पण अंडी कशी नेणार?

ती रडवेली होऊन म्हणाली, "मी तुमच्या सैन्यात नाही. माझा न्याय हत्तीणीच्या सभेत व्हावा." जे सैन्यात नाहीत त्यांचा न्याय म्हाताऱ्या हत्तीणीने करायचा, असा जंगलाचा जुना नियमच होता, म्हणून सेनापतीला नाइलाजाने यावे लागले. त्या सभेत आरोप करणाऱ्याला हत्तीणीशेजारी बसता येत नसे. त्याने टिटवीसारखेच समोर उभे राहायचे. सेनापतीला ते मुळीच आवडले नाही. हत्तीणीचे काम फार सावकाश चाले, इतके की माकडे कंटाळून पेंगू लागली. तिने टिटवीचे सगळे ऐकून घेतले आणि मग नदीपलीकडच्या हरणांना बोलावले. हरणे म्हणाली, की टिटवीचे ओरडणे ऐकूनच आम्ही डोंगराकडे पळालो.

हत्तीणीने सेनापतीला विचारले, "नदीपलीकडे ऐकू गेले, ते तुम्हाला का नाही?"

सेनापतीने मान खाली घातली. जेवण झाले होते आणि सगळ्यांचा एकदमच डोळा लागला होता, हे त्याने कबूल केले.

"पहारा तुम्हीच करा," हत्तीण म्हणाली, "पण स्वतःच्या तक्रारीचा निकाल स्वतः देऊ नका."

टिटवी धावतच काठावर गेली. अंडी अजून कोमट होती. तिला इतके हायसे वाटले, की ती बराच वेळ नुसती डोळे मिटून त्यांवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी चार पिल्ले गोट्यांतून पळू लागली. रानकुत्रे मात्र तेव्हापासून आळीपाळीने जेवतात.

तात्पर्य : ज्याची तक्रार, त्याच्याच हाती निकाल नसावा, न्यायाला थोडा उशीर झाला तरी चालेल, पण दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या पाहिजेत.