हरिणी भांडायला आली

जंगल एक होतं, आणि त्यातल्या पाणवठ्याकाठच्या उंबरावर वानरांची एक टोळी राहत असे. राखणीचं काम त्या टोळीकडे. शेंड्यावर बसायचं, बिबट्या दिसला की जोरात खाकरायचं, की खालची हरणं, ससे, डुकरं पसार. त्याबद्दल राखणदाराला पहिल्या पाण्याचा मान असे. आता तुम्ही म्हणाल, पाण्यात कसला मान? उन्हाळ्यात पाणवठा आटत आला म्हणजे कळतं, बाळांनो. शेवटी येणाऱ्याच्या तोंडात नुसता गाळ येतो.

दर साली पळस फुलला की राखणदार नव्याने निवडायचा, अशी तिथली रीत. वडाला एक ढोली होती. ज्याला वानर हवेत त्याने अंधारात जाऊन तिच्यात बोराची आठळी टाकायची, ज्याला काठावरच्या टिटव्या हव्यात त्याने चिंचोका. सकाळी कासवाने सगळं बाहेर काढून सर्वांसमोर मोजायचं. पिढ्यान् पिढ्या आठळ्याच जास्त निघत. त्या साली मात्र चिंचोक्यांचा ढीग वारुळाएवढा झाला आणि आठळ्या खारीच्या गालात मावतील एवढ्याच निघाल्या. टिटव्या राखणदार झाल्या. वानर पाण्याला शेवटी गेले आणि गाळ पिऊन परत आले.

टोळीचा म्होरक्या, म्हणजे हुप्प्या, शेंड्यावर शेपूट सोडून बसला. "असा गाळ किती दिवस प्यायचा?" तो म्हणाला. "पुढच्या साली लोक आपल्याला परत घेणार असतील तर थांबू. नाहीतर डोंगरापलीकडे जाऊ."

हे ऐकून एका वानरीने डोंगराकडे पाहिलं. तिच्या छातीशी तान्हं पिल्लू होतं. मधला डोंगर म्हणजे उघडा कातळ, झाडाचं नाव नाही, थेंबभर पाणी नाही. थोरले कसेबसे पार होतील, पण तान्हं पोर तिथे तग धरायचं नाही, हे तिला सांगायला कुणी नको होतं. ती म्हणाली, "हुप्पेराव, मी विचारून येते. लोकांच्या मनात काय आहे ते कळू तर दे."

पहिला भेटला ससा. "अगं ताई, हे काय विचारणं झालं? आमच्या घरच्या सगळ्यांची आठळीच! माझ्या आज्यापासून आठळी."

रानडुक्कर कंद उकरत होतं. त्याने मान वर न करताच सांगितलं, "डोळे मिटून आठळी टाकली. तुमच्याशिवाय आहे कोण आम्हाला?"

मोर म्हणाला, "झकास काम होतं हो तुमचं!" आणि पिसारा सावरत निघूनही गेला.

वानरी हरखली. धावत येऊन तिने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं, आता थांबायचं ठरणार. हुप्प्याने मात्र एकेक बोट दुमडत हिशेब लावला. "सशांनी आपल्याला आठळी दिली. डुकरांनी दिली. मोरांनी दिली. मग आपण हरलो कसे?"

त्याने दुमडलेली मूठ फांदीवर आपटली.

"कासवाने घोळ केला!" हुप्प्या गरजला.

"तरीच!" पोरंटोरं ओरडली. "तरी म्हटलं ते इतकं हळू का मोजत होतं!"

"जिथली मोजणीच खोटी, तिथे आशा धरून उपयोग काय? उन्हं उतरली, कातळ निवला, की निघायचं."

झालं! आशा आणायला गेलेली वानरी, आणि तिच्याच बातमीने मुक्काम हलायचा ठरला. पिल्लाला कुरवाळत ती विचार करू लागली. कासवाने मोजलं तेव्हा हुप्पेराव समोर होते. मीही होते. उजेडात, जमिनीवर पडलेला ढीग होता तो. ढीग खरा असेल, तर ही गोड तोंडं खोटी. आणि मी काय, गोड लागलं म्हणून गिळून आले!

ती पुन्हा सशाकडे गेली. "भाऊ, खरं सांग. मी रागावणार नाही."

"खरंच सांगितलं की," ससा म्हणाला आणि बिळात शिरला.

करवंदीच्या जाळीपाशी एक हरिणी चरत होती. वानरीला पाहताच तिने पाठ फिरवली. वानरी झाडावरून खाली जमिनीवर उतरली आणि वळसा घालून तिच्यासमोर जाऊन बसली.

"बाई, तुझं काय होतं? आठळी की चिंचोका?"

हरिणीने कान ताठ केले. "चिंचोका! टिटव्यांना दिला. आणि दोन टाकता आले असते तर दोन टाकले असते! आता जा, सांग तुझ्या हुप्प्याला."

"का गं?"

"का म्हणून विचारतेस? माझं पाडस गेलं तेव्हा होतात कुठे तुम्ही? मोहावर! फुलं खाऊन सुस्तावला होतात. बिबट्या गवतात दबला होता, मी मान वर करकरून हाका मारत होते. तुमच्यातल्या एकाने माझ्या अंगावर साल भिरकावली आणि हसला. हसला गं! टिटवी म्हणजे कटकट आहे, पान पडलं तरी बोंबलते, डोळ्याला डोळा लागू देत नाही. पण बसते तरी माझ्या पायाशी."

वानरीने सबब सांगितली नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हेच आमच्या टोळीसमोर सांगशील?"

"तुझ्या टोळीसमोर? कुणाच्या बापाला भिते का मी! पण मला झाड चढता येत नाही."

"तू बुंध्याशी उभी राहा. तेवढं पुरे."

हरिणी तरातरा निघाली. उंबराखाली चारी पाय रोवून तिने तोंड सोडलं ते सोडलंच. वर शेंड्यावर हुप्प्याने कानामागे हात धरला. "काय म्हणते ती?"

"नीट ऐकू येत नाही, हुप्पेराव."

सगळे एक फांदी खाली उतरले. तेवढ्यात हरिणीने 'आळशी' म्हटलं.

"काय म्हणाली?"

"आळशी म्हणाली. पुढचं कळलं नाही."

आणखी एक फांदी उतरले. असं करत करत, शिव्या स्पष्ट ऐकू याव्यात म्हणून, अख्खी टोळी अगदी खालच्या फांदीवर येऊन बसली. इतक्या खाली ते कितीक सालांत आले नव्हते. हुप्प्याच्या मानेवरचे केस उभे राहिले होते. पण पाडसाची गोष्ट आली तसे ते केस पुन्हा बसले आणि त्याने नजर खाली वळवली.

आरडाओरडा ऐकून रानडुक्कर आलं. थोडा वेळ त्याने ऐकून घेतलं आणि मग त्यालाही राहवेना. "मघाशी मी खोटं बोललो. चिंचोकाच टाकला मी! माझी पोरं पाण्यावर आली की तुमची पोरं वरून काटक्या मारतात. मारतात की नाही?"

सशाने बिळातून फक्त तोंड बाहेर काढलं. "आमच्या घरचेही सगळे चिंचोकेच," तो म्हणाला आणि या खेपेला आत पळाला नाही.

"ऐकलंस?" हुप्प्या वानरीच्या कानात पुटपुटला. "सकाळी सगळे आपले होते. आता एकही आपला उरला नाही. तू आशा आणायला गेली होतीस ना?"

"हुप्पेराव," वानरी म्हणाली, "ज्यांनी आपल्याला मनातून काढलं, ते सकाळी गोड बोलून वाटेला लागले. ही बाई मात्र घसा सुकेपर्यंत भांडते आहे. टिटव्यांवर निभणार असतं, तर मी बोलावल्यावर ती आपल्या दाराशी कशाला आली असती?"

हुप्प्या खालच्या फांदीवरच बसून राहिला. उन्हं उतरली. डोंगराचा कातळ तांबडा होऊन काळा पडू लागला. एका पोराने विचारलं, "निघायचं ना?"

"गप रे," हुप्प्या म्हणाला. "तिचं बोलणं व्हायचंय अजून."

अंधार पडायला लागला तशी हरिणी थांबली. तिला धाप लागली होती. "आज एवढंच," ती म्हणाली. "उद्या येते. खूप राहिलंय सांगायचं. आणि पुढच्या साली आठळी टाकीन असं समजू नका."

"नाही समजत," वानरी म्हणाली. "पण तू ये. आम्ही इथेच आहोत."

म्हणताना तिने हुप्प्याकडे पाहिलं. तो नाही म्हणाला नाही. पिल्लू तिच्या कुशीत झोपून गेलं होतं. पुढच्या साली ढोलीतून काय निघालं म्हणाल, तर ते साल अजून यायचंय.

तात्पर्य : हरलेल्याने गोड बोलणाऱ्यांची गणती करू नये; जो तोंडावर येऊन भांडतो, त्याच्याजवळ खाली उतरून बसावं, कारण परतीची वाट असलीच तर त्याच्या अंगणातून जाते.