पायवाटेची वळणं

डोंगरांना बोलायचा कंटाळा आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. एका माथ्यावर तळं होतं. तिथे जाणारी पायवाट करवंदीच्या जाळ्यांतून वळणं घेत चढायची. माणसं धापा टाकत पोचायची, ओंजळभर पाणी प्यायची आणि म्हणायची, "अहाहा, काय गोड पाणी!" पायवाटेच्या वाट्याला मात्र शिव्याच.

शेवटी ती रुसली. वळणं टाकून पलीकडच्या सोप्या सोंडेवरून आखूड होऊन बसली.

आता माणसं गप्पा मारत, न दमता पोचू लागली. दरवर्षी हौसेने येणाऱ्या यमुताईंनी पाण्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "यंदा पाण्याला चवच नाही, बाई," म्हणत त्या न टेकताच माघारी फिरल्या.

पायवाट चपापली. "तुझं पाणी बिघडलं की काय रे?" तिने तळ्याला विचारलं.

तळं हसलं. "पाणी तेच आहे गं. गोडी तू आणायचीस."

पुढच्या वर्षी यमुताई पुन्हा करवंदीच्या काट्यांतून पदर सोडवत, मेल्या वाटेला शिव्या घालत चढत होत्या. पायवाटेला त्या शिव्या फार गोड लागल्या.