सोंगांची जत्रा थांबली तेव्हा

काही वर्षांमागे रानाच्या कडेला एक गाव होतं. दर चैत्रात तिथे सोंगांची जत्रा भरे. गावकरी कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर देवादिकांची सोंगं नाचवत. ती पाहायला पन्नास गावांची माणसं येत आणि जाताना कुंभाराची मडकी, बुरडाच्या टोपल्या, लोहाराचे कोयते घेऊन जात. गावाची वर्षाची मीठमिरची त्या तीन दिवसांत निघे.

पुढे गावाला नवा पाटील मिळाला. गावाचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटे. तो म्हणाला, “नाचण्यात दिवस कशाला घालवायचे? जत्रेच्या मैदानात पक्की दुकानं बांधू. बाजार बारा महिने चालेल.”

मुखवटे घडवणारा म्हातारा धावजी म्हणाला, “पाटील, माणसं मडक्यांसाठी येत नाहीत. मडकी त्यांच्याही गावात मिळतात.”

कोणी ऐकलं नाही. दुकानं उभी राहिली, जत्रा थांबली आणि गिऱ्हाईक फिरकेना. तीन वर्षांत बुरूड गाव सोडून गेला, मागोमाग लोहारही.

मग पाटील धावजीच्या दारी आला. “बाबा, चुकलं माझं. मुखवटे काढा, जत्रा भरवू.”

धावजीने माळा दाखवला. मुखवटे वाळवीने खाल्ले होते.

“मग शहरातून तयार आणतो. आठवड्यात काम होईल.”

“आणा. पण शहरातले मुखवटे बघायला इथवर कोण येईल?”

पाटलाने वाळवी लागलेला एक मुखवटा उचलून पाहिला. “नवे घडवायला किती दिवस लागतील?”

“एकट्याला तीन वर्षं. सगळं गाव बसलं तर पुढचा चैत्र.”

पाटलाने बाह्या सावरल्या आणि तो लगदा कुटायला बसला. त्याला पाहून शेजारी आले, मग सारी आळी. मैदानातली दुकानं त्याने स्वतः उभं राहून पाडून घेतली.

पुढच्या चैत्रात जत्रा भरली. माणसं पूर्वीच्या निम्मीच आली, पण कुंभाराचं एकही मडकं उरलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी लोहार परतला. बुरूड मात्र आला नाही.

आणखी एक उणं राहिलं. वेताळाच्या सोंगाचं गाणं एकाच म्हातारीला येत होतं, आणि ती मधल्या वर्षांत वारली. आता ते सोंग नुसत्या संबळावर मुक्याने फेरी मारतं. ते आलं की पाटील हात जोडून उभा राहतो. जुनी माणसं ओठांतल्या ओठांत गाणं आठवू पाहतात. पहिली ओळ आठवते. पुढची आठवत नाही.

तात्पर्य एवढंच: गावाचा वारसा हीच गावाकडे येणारी वाट असते. ती मोडून बाजार वसत नाही, आणि उशिरा जाग आली तर सगळंच परत मिळत नाही.