पेंग्विनाच्या तीन उड्या

पृथ्वीच्या अगदी दक्षिण टोकाला, समुद्रावर पसरलेल्या जाड बर्फावर एक पेंग्विन राहत असे. लोकरीच्या गुंड्यासारख्या आपल्या पिल्लावर त्याचा भारी जीव. पिल्लाला अजून पोहता येत नव्हतं, कारण त्याची मऊ पिसं पाण्यात भिजून जड होत. म्हणून रोज सकाळी पेंग्विन बर्फावर तीन उड्या मारी आणि बर्फ पक्का आहे, खुशाल खेळ, असं पिल्लाला ऐटीत सांगे. त्याच्या आजोबा-पणजोबांपासून बर्फाची परीक्षा अशीच होत आली होती.

त्याच बर्फाखाली एक म्हातारी सील राहत असे. श्वास घेण्यासाठी बर्फात केलेलं भोक गोठून बुजू नये, म्हणून ती त्याच्या कडा दातांनी कुरतडत बसे. एके दिवशी तिनं भोकातून डोकं वर काढलं. "अरे पेंग्विना," ती म्हणाली, "दरवर्षी या कामात माझे दात झिजतात. यंदा दोन चावे घेतले की भोक मोकळं. पाणी ऊन झालंय, बर्फाला खालून खातंय. पिल्लाला घेऊन किनाऱ्यावर जा."

दूरदूरच्या देशांतल्या धुरानं सारी पृथ्वीच तापत चालली होती. पण मुलांनो, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? पेंग्विन गाल फुगवून म्हणाला, की वय झालं की सीलमावशीला भलतंसलतं सुचतं. त्यानं तीन उड्या मारल्या. बर्फ जराही हलला नाही. सील मुळीच रागावली नाही. "तू नेहमी वरूनच बघतोस," ती म्हणाली, "एकदा माझ्या घरातून बघ."

तिला खोटं पाडायचंच, म्हणून पेंग्विनानं भोकातून बुडी मारली. खाली पूर्वी काळोख असे, तिथे आता दिवसाचा उजेड झिरपत होता. आणि त्याच्या डोक्यावर दोन इवल्या पावलांची सावली दुडदुडत होती. ती त्याच्याच पिल्लाची पावलं होती. तो वर आला आणि पिल्लाला पुढे घालून किनाऱ्याकडे निघाला. पिल्लू वाटभर कुरकुरलं. चौथ्या दिवशी त्या बर्फाचे तुकडे होऊन समुद्रात वाहून गेले.

पुढच्या हिवाळ्यात नवा बर्फ धरला. सीलनं डोकं वर काढून हसत विचारलं, "काय रे, उड्या मारतोस की सोडल्यास?"

"मारतो की, मावशी, सवयच आहे," पेंग्विन लाजून म्हणाला. "पण आधी तुला विचारतो."

तात्पर्य : पायाखालचा आधार किती उरला आहे, हे तो खालून पाहणाऱ्याला विचारावं, आणि त्यानं सांगितलं की वेळेवर ऐकावं.