पायांवरचे डालगे

एकदा घोंगड्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला कर्करोग झाला आणि तो पाठीच्या हाडांत उतरला. शहरातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी पाठीचा ठणका कमी झाला, पण माणूस चिडका झाला, असे घरचे म्हणू लागले. बायको पाय चेपायला बसली की तो ओरडे. तिने दुकानातली सर्वांत मऊ शाल पायांवर घातली, तर ती त्याने ओढून फेकली.

शेजारचे वृद्ध वैद्य शिष्याला घेऊन भेटायला आले, तेव्हा ती दारातच म्हणाली, "माझा हातसुद्धा नको झालाय यांना. उद्यापासून माणूस ठेवते. मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही."

शिष्याने पाय पाहिले. सूज नव्हती, जखम नव्हती. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, रोग पाठीत आणि गाऱ्हाणं पायांचं! हा हट्टीपणा वाटतो."

वैद्य उशाशी बसले. "शेठजी, कसं दुखतं ते सांगा. सावकाश."

"हसाल तुम्ही. पाठ दुखते, ती दुखल्यासारखी दुखते. पायांना मात्र मिरच्या चोळल्यासारखं वाटतं. मध्येच झटका बसतो. शाल टेकली तरी काटे ओढल्यासारखं होतं. घोंगड्यांच्या व्यापाऱ्याला शाल टोचते, हे कुणाला सांगू?"

वैद्य उठून परसात गेले. कोंबड्यांचा एकच कलकलाट झाला. ते परतले तेव्हा त्यांच्या हातात कोंबड्या झाकायचे बांबूचे डालगे होते. ते झटकून त्यांनी व्यापाऱ्याच्या पायांवर अलगद पालथे घातले आणि वरून शाल पसरली.

थोड्या वेळाने व्यापारी म्हणाला, "वैद्यबुवा, आता अंडी घालू का?"

"आधी पाय उबदार झाले का ते सांगा."

"झाले. आणि टोचत काहीच नाही."

वैद्य शिष्याकडे वळले. "शेतात पाखरं हाकायला दोरीला डबे बांधतात ना? दोरी मचाणावरून ओढली की डबा बांधावर वाजतो. डब्याला काही झालेलं नसतं. पण त्याचं वाजणं खोटं नसतं. यांच्या पाठीच्या हाडातली गाठ नस दाबत असावी, म्हणून पाय जळतात. या वेदनेचं औषध वेगळं असतं. बाई, यांनी आत्ता जे सांगितलं, ते आजच डॉक्टरांना कळवा. तोवर हे डालगं."

बायको दारातच उभी होती. "मग मी काय करू? पाय तर चेपायचे नाहीत."

"इथं बस," व्यापारी म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "हात दुखत नाही माझा."

ती बसली.

निघताना शिष्याला शालीचे एक टोक जमिनीवर लोळताना दिसले. ते उचलायला तो वाकला, थांबला आणि म्हणाला, "शेठजी, हात लावू का?"